लय आधी कोणी वाढवली?

नंदू, तुला जिन्यावरून खाली आणलं तेव्हा दमदमच्या तुमच्या गल्लीत कोणीतरी मोबाइलवर आपल्या बँडचं 'छादेर चाबी' लावलं. मग काय, सगळी गल्ली गायला लागली. बाल्कनीतल्या बायका, समोरचा इस्त्रीवाला, शववाहिनीचा ड्रायव्हरसुद्धा. कोलकात्यात आपल्या वयाच्या माणसाला ते गाणं येत नाही असं होतच नाही. आपल्या गायकाने, टुबलूने, ते पहिल्यांदा गायलं त्याला पंचवीसेक वर्षं झाली असतील. तो तुझ्या पायाशी उभा राहून रडत होता, त्याला गाता येईना, म्हणून लोक त्याच्या वाटचंही गात होते. मला रडू आलं नाही. मला राग आला. अरे, या माणसाने आयुष्यात एक गोष्ट जीव ओतून केली, ती म्हणजे 'आस्ते' नावाची रेकॉर्ड, आणि आज तिचं नाव काढायला एक माणूस नाही?

मग लक्षात आलं की 'आस्ते' गाणार कसं? त्यात गाण्याजोगं काही नाहीच. तू असतास तर म्हणाला असतास, "वैजे, याला म्हणतात दूरदृष्टी. मयताला कोणाला गाता येऊ नये म्हणूनच काढली होती."

मेल्या, तुला विनोद बरे सुचायचे. बघ, आलंच तोंडात. तुला मेल्या म्हणायची माझी सवय तुझ्या आईला, काकूंना, कधी आवडली नाही. "अगं वैजू, तिन्हीसांजेला तरी असं बोलू नये," म्हणायच्या. त्या दिवशी त्यांच्याशेजारी बसले होते, तुझ्या कपाळाला हात लावला आणि तोच शब्द ओठांवर आला. दात आवळून धरला. काकूंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

हे मराठीत लिहितेय, कारण तुझ्याशी भांडण नेहमी मराठीतच व्हायचं. बाकी सगळ्यांशी बंगालीत, ऑफिसात इंग्रजीत, टॅक्सीवाल्याशी हिंदीत. भांडायला मात्र मराठी. आणि आपलं भांडण अर्धवट राहिलंय. तू निकाल न लावता गेलास. प्रश्न तुला पाठ आहे, तरी लिहून ठेवते: त्या टेकमध्ये लय आधी कोणी वाढवली? तू की मी?

तुला सगळं ठाऊक आहे, पण पहिल्यापासून सांगते. आपलीच गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला तुला फार आवडायचं.

तुझे बाबा रेल्वेत, गार्डन रीचच्या ऑफिसात. माझे बाबा बँकेत, तीन वर्षांसाठी बदली म्हणून आले आणि माशांच्या प्रेमात पडून राहिलेच. आपली गाठ पडली ती मंडळाच्या गणपतीत. तू मोठ्या मुलांमध्ये ढोलकी घेऊन बसलेला, मी काकूंचा पदर धरून. मला तुझी ढोलकी हवी होती. तू दिली नाहीस. मी स्टीलचा डबा वाजवायला लागले, आणि आरती संपल्यावर तू येऊन म्हणालास, "ए, तुझा ठेका हलत नाही गं." माझ्या आयुष्यातली ती पहिली दाद. ती मी किती वर्षं उराशी धरून बसले याची तुला कल्पना नसेल.

पुढे तू गिटार घेतलीस, मी ड्रम्स. बेसला शंख, गायला टुबलू. चौघांत दोन मराठी, दोन बंगाली. स्टेजवर आपण एकमेकांना मराठीत इशारे द्यायचो, "उचल", "सोड", "परत पहिल्यापासून", आणि टुबलू चिडायचा की तुम्ही माझी चेष्टा करताय. कधीकधी करतही होतो. बाहेर लोक माझ्याबद्दल बोलायचे की बँडमध्ये एक मुलगी ड्रम्स वाजवते, आणि ती घड्याळ आहे. घड्याळ. पोरगी शोभेला ठेवलीय असं कोणी म्हटलं नाही ते या एका शब्दामुळे. मी तो शब्द मंगळसूत्रासारखा जपला, आणि खरं मंगळसूत्र कधी घातलंच नाही. आपल्या दोघांत 'तसलं काही' होतं का, हे लोक तुझ्या तेराव्यालाही कुजबुजत होते. त्यांना काय सांगू? भांडायलाच वेळ पुरत नव्हता.

मग 'छादेर चाबी', म्हणजे गच्चीची किल्ली, हे गाणं आलं आणि आपण चौघं एका वर्षात इतके मोठे झालो की पानाच्या दुकानात उभं राहणं बंद झालं. पूजेच्या दिवसांत प्रत्येक मांडवात तेच गाणं. एकदा तर दोन मांडवांचे भोंगे समोरासमोर, दोन्हीकडे तेच, एक जरा पुढे, एक जरा मागे. मला मजा वाटली. तू मात्र तिथेच फुटपाथवर थांबून कितीतरी वेळ ऐकत राहिलास. "कोण पुढे आहे, सांग," म्हणालास. तुला पहिल्यापासून असले प्रश्न पडायचे.

त्याच सुमारास एका कार्यक्रमात तू ते केलंस. गाण्याच्या ध्रुवपदात तू गिटार वाजवायचा थांबलास. मुद्दाम. हात तारांवरून उचलला आणि उभा राहिलास. समोरचे हजारो लोक गात राहिले, टुबलू नाचत राहिला, कोणाच्या काही लक्षात आलं नाही. स्टेजमागे आलास तेव्हा तुझा चेहरा उतरला होता. मी म्हटलं, तार तुटली का? तू म्हणालास, "वैजे, मी नव्हतो तिथे. आणि मी नसलो तरी काहीच बिघडलं नाही." मी हसले. म्हटलं, शहाण्या, याला यश म्हणतात. माणूस नसला तरी दुकान चालतं. गाडीत शंखच्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्याचं सोंग केलंस.

आता वाटतं, 'आस्ते'ची सुरुवात तिथे झाली. पण तुला विचारलं असतं तर म्हणाला असतास, नाही, ती झाली गणपतीत.

त्या वर्षी तू सगळ्या बँडला मोदक खायला मंडळात आणलंस. टुबलूच्या हातात कोणीतरी झांज दिली. आरती सुरू झाली, अगदी शिस्तीत, संथ. दुसऱ्या कडव्याला जरा चढली. तिसऱ्याला सगळे पळायला लागले. आपले अध्यक्ष हाताने 'सावकाश, सावकाश' करत होते आणि स्वतःच टाळ्या दुप्पट वेगाने पिटत होते. काकू म्हणत होत्या, "अरे, आगगाडी पकडायचीय का?" आणि सगळ्यात पुढे त्याच. शेवटाला तर नुसता गोंधळ, हशा, आणि मग एकदम शांत, कापराचा वास. टुबलू घामाघूम. त्याने तुला विचारलं, "लीड के कोरछिलो?" पुढे कोण होतं. तू म्हणालास, कोणीच नाही. तो म्हणाला, असं कसं, वेग कोणीतरी वाढवल्याशिवाय वाढतो का? आपण दोघं हसलो. आपल्याला जन्मापासून माहीत होतं की आरती पळते. दरवर्षी, दर घरात, आणि नंतर प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बोट दाखवतो. पण का पळते, कोणामुळे पळते, हे आपण कधी विचारलं नव्हतं. विचारायला एक बंगाली लागला.

तू त्या रात्री मोदक खाल्ला नाहीस. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

रेकॉर्ड कंपनीला 'छादेर चाबी'चा पुढचा भाग हवा होता. तू त्यांना सांगितलंस, आम्ही एक आरती करतोय. त्यांना वाटलं, भक्तिगीतं. खूश झाले बिचारे. प्रत्यक्षात तुला हवं होतं ते असं: चौघांनी एकत्र बसायचं, एक साधा ठेका धरायचा, इतका संथ की कंटाळा यावा. मग वाजवत राहायचं. नियम एकच. वेग वाढवायचं कोणी ठरवायचं नाही, आणि वाढला तर कोणी अडवायचा नाही. बस. गाणं नाही, शब्द नाहीत. टुबलूने फक्त तोंड मिटून गुणगुणायचं. नाव तू दिलंस 'आस्ते', म्हणजे सावकाश, कोणी बाई उतरत असली की बसमधले कंडक्टर ड्रायव्हरला ओरडतात तसं.

आणि तू माझं क्लिक काढून घेतलंस. हे मात्र मी कधी विसरले नाही. रेकॉर्डिंगला ड्रमरच्या कानात टिकटिक चालू असते, तिच्या आधाराने लय स्थिर ठेवायची. मला तिची गरज नव्हती, पण ती असली की बरं वाटायचं. देवघरात दिवा असला की वाटतं तसं. तू येऊन वायर उपटलीस. मी काठ्या फेकल्या. म्हटलं, "माझ्याकडे एकच गोष्ट आहे नंदू, माझी लय हलत नाही. तीच तुला मोडायचीय?" तू म्हणालास, "मोडायची नाही गं. मला बघायचंय, ती कशाने हलेल." इतका राग आला होता. आणि खरं सांगते, इतकं कुतूहलही वाटलं होतं. रागाचं तोंडावर सांगितलं, कुतूहलाचं पोटात ठेवलं.

शंखच्या काकांचं हावड्यात लेथचं वर्कशॉप होतं. रविवारी यंत्रं बंद, म्हणून रविवारी आपण. बाबूघाटाहून लाँचने जायचं, तू गिटार मांडीवर घेऊन लहान मूल धरल्यासारखा बसायचास. शेडमध्ये यंत्राच्या तेलाचा वास, पत्र्यावर कबुतरं. तुझा अ‍ॅम्प्लिफायर बाथरूममध्ये ठेवला होता, म्हणजे त्याचा आवाज माझ्या माइकमध्ये शिरायला नको. दार लावून. कोणाला जायचं असलं की आधी नंदूची परवानगी.

किती रविवार गेले. होईचना. कधी वेग वाढायचाच नाही, आपण चौघं म्हशीसारखे रवंथ करत बसायचो. कधी टुबलू उगाच जोर करायचा आणि ते लगेच कळायचं, नाटकी. "मुद्दाम केलं की घाण येते," तू म्हणायचास. टुबलूच्या बायकोने एकदा विचारलं, तुम्ही तिथे नक्की करता काय?

आणि मग एका दुपारी झालं. कसं झालं ते मला आठवत नाही, हीच तर गोम आहे. एवढंच आठवतं की बराच वेळ आपण नेहमीसारखं रखडत होतो, आणि मग कधीतरी माझ्या हातांना वारा लागला. हात माझे, पण मी त्यांच्या मागे. शंख हसत होता, टुबलू डोळे मिटून डोलत होता, तुझी गिटार माझ्या खांद्यापाशी असल्यासारखी. शेवटी इतके पळालो की पुढे जायला जागाच उरली नाही आणि सगळं एकमेकांवर कोसळून थांबलं. कबुतरं उडाली. त्या शांततेत तू म्हणालास, "वैजे, पळालीस की गं." आणि मी तिथल्या तिथे, "मी? मी नाही. तू पळालास."

तेवढंही रेकॉर्ड झालं. आणि तू ते तसंच ठेवलंस. कोलकात्याच्या बाजारात एका बंगाली बँडची रेकॉर्ड आली, जिच्यात एकही बंगाली शब्द नाही आणि शेवटी मराठीत भांडण.

आपटली, अर्थात. दणकून. दमदमच्याच एका पूजेत आपण ती वाजवायला घेतली. समितीचे एक सज्जन गृहस्थ हातात चहाचं मातीचं भांडं घेऊन स्टेजच्या कडेला आले, टुबलूला हळूच म्हणाले, "दादा, गान कोखोन होबे?" गाणं कधी होणार. किती आदराने विचारलं त्यांनी. टुबलूने तुझ्याकडे बघितलं, तू खाली बघितलंस, आणि आपण 'छादेर चाबी' वाजवलं. गर्दी आनंदाने वेडी झाली. त्यानंतर टुबलू बँडमध्ये फार दिवस राहिला नाही. मी त्याला दोष देत नाही, त्याला गायचं होतं. बँड मोडला असं कोणी म्हटलं नाही. पुढच्या पूजेला कोणी कोणाला फोन केला नाही, इतकंच.

माझं काय झालं ते तुला माहीत आहे. एका पेपरात लिहून आलं की ड्रमरला लय सांभाळता येत नाही. एकच ओळ. पण 'घड्याळ बंद पडलं' म्हणत ती शहरभर फिरली. दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगला बोलावणं येईनासं झालं. मी घरात बसून पोळ्या लाटताना लाटण्याने ठेका धरायचे आणि तपासायचे, हलतोय का. हलत नव्हता. मग तू त्याच पेपरात मुलाखत दिलीस. म्हणालास, लय मी वाढवली, ती बिचारी सांभाळत होती. बोलावणी पुन्हा सुरू झाली. पुढे नोकरी लागल्यावर मी वाजवणं सोडलं ते माझ्या मर्जीने, त्यात पेपरचा हात नाही.

मी तुझे आभार मानले नाहीत. उलट तणतणत तुझ्या घरी आले, म्हटलं, "मला बिचारी म्हणायला तुला कोणी सांगितलं होतं?" तू चहा करत होतास. म्हणालास, "बरं, बिचारी मागे घेतो." मी म्हटलं, "म्हणजे तू पळालास हे कबूल?" आणि तू गाळणं हातात धरून, अगदी गंभीरपणे, "छे. पळालीस तूच."

"मग पेपरात खोटं का बोललास?"

"पेपरात खरं कशाला सांगायचं?"

त्या दिवसापासून हे चाललंय. वाढदिवसाला तुझा फोन: शुभेच्छा, पळालीस तूच. माझे बाबा गेले तेव्हा तू रात्रभर हॉस्पिटलच्या बाकावर बसलास, आणि पहाटे मला चहा देताना म्हणालास, "आज नाही भांडत. पण पळालीस तूच." मी हसले, बाबा गेल्याच्या दिवशी. ते तुलाच जमायचं. एकदा मात्र बोलता बोलता तू म्हणालास, "तुझं चुकलं असं मी म्हणतच नाहीये, वैजे. तू ऐकून तर घे." आणि मी म्हटलं, मला काही ऐकायचं नाही. तू काय सांगणार होतास रे? ते वाक्य तू परत काढलं नाहीस, आणि मी परत विचारलं नाही.

शेवटच्या भेटीत तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. मी वाकून म्हटलं, "आता तरी सांग, आधी कोण?" तू पांघरुणातून हात काढलास आणि बोट माझ्याकडे केलंस. डोळे हसत होते. मी म्हटलं, "बरा हो, मग बघते तुला." नर्सने मला बाहेर काढलं. नंतर तुला बघितलं ते गल्लीत 'छादेर चाबी' चालू असताना.

तर नंदू, मी गेल्या रविवारी हावड्याला गेले. शंखकडे. वर्कशॉप विकलं गेलंय, पण त्याने आपलं सगळं रेकॉर्डिंग अजून जपलंय, प्रत्येकाचं वाद्य वेगळं. आपल्या दोघांनाही हे माहीत होतं. एवढी वर्षं आपण भांडलो आणि एका दुपारी जाऊन ऐकलं असतं तर मिटलं असतं. दोघांपैकी कोणीच गेलं नाही. मला भीती होती म्हणून. तुझं कारण काय होतं ते आता कोणाला विचारू?

लाँचमध्ये वारा होता. शेजारच्या बाई म्हणाल्या, सरकून बसा, भिजाल. मी भिजले.

शंखने कानाला हेडफोन लावून दिले, फक्त माझे ड्रम्स. बराच वेळ मी खरंच घड्याळ होते. इतकी की स्वतःचा कंटाळा आला. मग एका जागी ठेका जरासा पुढे झुकला. कसाबसा कळण्याइतका. उतारावर सायकल आपोआप धावायला लागते तसा. आणि नंतर तो परत मागे आलाच नाही. मी म्हटलं, शंख, ही जागा. आता याच जागी नंदू काय करतोय ते लाव. मला तू आधीच पळालेला सापडायला हवा होतास.

त्याने तुझी गिटार लावली. आणि तिथे काही नव्हतं.

नुसती अ‍ॅम्प्लिफायरची गुणगुण. बाथरूममध्ये टपटपणारा नळ. मला वाटलं, काहीतरी बिघडलंय. शंखने मागे नेऊन पुन्हा लावलं. तू वाजवत होतास, वाजवत होतास, आणि मग थांबलास. शेवटचा सूर लांबत गेला, म्हणून एकत्र ऐकताना कधी कोणाला कळलं नाही. शंखच्या बेसमध्ये एकच लांबलेला स्वर, टुबलूच्या गुणगुणण्यातही तसाच. म्हणजे त्या वेळी खोलीत हलणारी एकच गोष्ट होती, माझे हात. तू नव्हतास. आणि तू नसताना माझा ठेका पुढे झुकला. मग कितीतरी वेळाने तू परत आलास, माझ्या नव्या वेगात, धापा टाकत आल्यासारखा.

शंख म्हणाला, "हात थेके पिक पोडे गेछिलो बोधहोय." हातातून पिक, म्हणजे तारा छेडायची ती चकती, पडलं असेल. असेलही. तू नेहमी पिक पाडायचास. पण मला ते ध्रुवपद आठवलं, जिथे तू हात उचललास आणि कोणाला कळलं नाही. तुझा उतरलेला चेहरा आठवला. 'छादेर चाबी'तून तू गेलास आणि काही बिघडलं नाही. इथून तू गेलास आणि मी पळाले. तुला शोधत पळाले की तू नाहीस म्हणून मोकळी होऊन पळाले, हे मात्र रेकॉर्डिंगमध्ये कळत नाही. मी तीन-चारदा ऐकलं. शंखने चहा आणला, तो थंड झाला.

तू मला एवढी वर्षं हे सांगत होतास तर. 'पळालीस की गं.' मी त्यात आरोप ऐकला, कारण त्या पेपरवाल्याची ओळ माझ्या डोक्यात बसली होती. तो आरोप नव्हता. स्टीलच्या डब्यानंतरची ती माझी दुसरी दाद होती, आणि मी ती पुन:पुन्हा तुझ्या अंगावर भिरकावली. शंखच्या खोलीत मी रडले. गल्लीत आलं नव्हतं ते सगळं तिथे आलं. शंख बिचारा पंख्याकडे बघत बसला.

मुद्दाम थांबला होतास की पिक पडलं होतं? हा आता नवा प्रश्न. जुना मिटला, हा सुरू झाला. तुझ्याशी भांडण संपलं असतं तर मला करमलंच नसतं.

काल सुतक फिटल्यावर प्रथमच काकूंनी देवापाशी निरांजन लावलं. मी ऑफिसातून परस्पर दमदमला गेले होते. काकूंनी खणातून तुझी लहानपणची झांज काढून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "दोघीच आहोत, हळू म्हणू." सुरुवात त्यांनीच केली, संथ, थकलेल्या आवाजात. मी साथ धरली. पहिलं कडवं घड्याळासारखं. मग माझ्या हातांना वारा लागल्यासारखं झालं, आणि या वेळी मी बघत होते, नंदू. डोळे उघडे ठेवून बघत होते. मी हात अडवले नाहीत. काकू क्षणभर मागे पडल्या, माझ्याकडे बघितलं, आणि मग त्याही निघाल्या. शेवटाला दोघींना दम लागला होता. काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या हसत होत्या.

"किती पळतेस गं," काकू म्हणाल्या. "अगदी नंदूसारखी."

"नाही काकू," मी म्हटलं. "नंदू माझ्यासारखा पळायचा."